आइडेचा तुकडा

आर्डिस होवलंड कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसे, आणि तीनदा वाचून झाल्यावर बहुतेक वेळा करतच नसे. चर्चमधल्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढलं, तेव्हा 'माझी कृती छापायला हरकत नाही' एवढ्या एका ओळीखाली तिची सही हवी होती. तिने तो कागद घरी नेला, आठ दिवस फ्रीजवर लावून ठेवला आणि कोराच परत दिला. त्यामुळे गावात सगळ्यांत पातळ लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पोळी, जिच्या हातची, तिचंच नाव त्या पुस्तकात नाही.

हा स्वभाव तिने बापाकडून घेतला होता. टोर्गर रूड तरुणपणी नॉर्वेहून आला आणि नॉर्थ डकोटाच्या पश्चिम टोकाला, जिथे वारा पडला तर माणसं घराबाहेर येऊन बघतात, तिथे गहू पेरून राहिला. एक्कावन्न साली आमच्या भागात तेल लागलं आणि फेल्टच्या टोप्या घातलेले दलाल दारोदार फिरू लागले. जमीन भाड्याने देतोय असं समजून शेजारच्या चार घरांनी सह्या केल्या. वर्षभराने त्यांना कळलं, की आपण जमिनीखालचा अर्धा हक्क कायमचा विकून बसलोय. टोर्गरने मात्र दलालाला पायरीवरच कॉफी पाजली आणि कागदाला हात न लावता परत पाठवलं. ही गोष्ट आर्डिसने इतक्यांदा ऐकली होती, की त्या दलालाच्या टोपीवरचा चिखलाचा डागसुद्धा तिला पाठ होता. गोष्टीच्या शेवटी टोर्गर म्हणायचा, "लोक फसतात, कारण ते सभ्य असतात. आपण सभ्य नाही. आपण रूड आहोत."

आमच्याकडे जमिनी दोन असतात. एक वरची, जिच्यात गहू आणि सूर्यफूल येतं. दुसरी खालची, जिच्यात तेल असलं तर असतं. दोन्ही वेगवेगळ्या विकता येतात, वेगवेगळ्या वाटता येतात, आणि घरात भांडण लावायला दोन्ही सारख्याच उपयोगी पडतात. टोर्गर गेला तेव्हा खालची जमीन त्याच्या दोन मुलांना निम्मी निम्मी मिळाली: थोरला ऑरिन आणि त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान आर्डिस. ऑरिनने लग्न केलं नाही. जुन्या घरात एकटा राहिला, म्हातारपणी गावातल्या वृद्धाश्रमात गेला आणि दोन हजार आठ साली, शहाऐंशीव्या वर्षी, झोपेत गेला. मृत्युपत्र नव्हतं. जे त्याचं ते एकुलत्या बहिणीचं, असं सगळे धरून चालले. आर्डिस तर धरून चाललीच.

तिचा नवरा लाइल त्यानंतर दोन वर्षांनी गेला. मुलगी जोआन मिनियापोलिसला नर्स होती. मुलगा ड्वेन अर्ध्या मैलावर राहून सगळी शेती बघायचा. त्याची बायको रोशेल गावातल्या बँकेत होती. नोटरीचा शिक्का तिच्याकडेच असल्यामुळे निम्म्या तालुक्याची प्रतिज्ञापत्रं तिच्या टेबलावरून जायची.

ड्वेन अधूनमधून विषय काढायचा. "आई, वकिलाकडे जाऊन काय ते लिहून ठेव. वरचं कोणाला, खालचं कोणाला. नाहीतर तू गेल्यावर मी आणि जोआन कोर्टातच म्हातारे होऊ."

"तुला घाई आहे का?" आर्डिस विचारायची.

 ड्वेन टोपी घालून निघून जायचा, आणि आर्डिस खिडकीतून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. हा विषय त्याला सुचला, की कोणी सुचवला?

दोन हजार बारा सालच्या ऑक्टोबरात तेल कंपनीचं पाकीट आलं. तोवर आमच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक धावत होते, आणि आर्डिसच्या स्वयंपाकघरातून तेलाचे तीन पंप मान हलवताना दिसायचे. पाकिटात तिच्या हिश्श्याचा तक्ता होता, जमिनीच्या एकेका तुकड्यासमोर एकेक आकडा. 'बरोबर असल्यास सही करून पाठवा.' तिने तीनदा वाचला. सगळं बरोबर होतं; फक्त आइडेच्या तुकड्यासमोर तिचा हिस्सा निम्माच दाखवला होता.

आइडेचा तुकडा म्हणजे उत्तरेचे एकशे साठ एकर. आन्तोन आइडे नावाच्या शेजाऱ्याने एकोणचाळीस साली तो टोर्गरला विकला आणि बायकामुलांना घेऊन पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यात निघून गेला. नाव तेवढं मागे राहिलं.

तिने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकवल्यावर एक मुलगी बोलली, "मॅडम, उरलेला अर्धा हिस्सा दुसऱ्या मालकाचा आहे. नाव आम्हाला सांगता येत नाही. कोर्टहाऊसमध्ये नोंद असेल."

दुसऱ्या दिवशी आर्डिस कोर्टहाऊसच्या दारात, दार उघडायच्या आधीच उभी होती. दस्तांच्या वह्या ठेवलेल्या खोलीत कंपन्यांची पोरंपोरी लॅपटॉप मांडून बसलेली. त्यांच्यातली एकजण उठून म्हणाली, "आजी, काही शोधून देऊ का?"

"मला वाचता येतं," आर्डिस म्हणाली.

दुपारी एकच्या सुमाराला तिला ते पान सापडलं. दोन हजार आठ, मार्च महिना. ऑरिन टी. रूड, अविवाहित, याने आइडेच्या तुकड्याखालचा आपला सगळा हक्क मार्लिस क्वाल नावाच्या बाईला देऊन टाकला होता. खाली ऑरिनची वाकडीतिकडी सही. तिच्याखाली नोटरीचा गोल शिक्का, आणि शिक्क्यात नाव: रोशेल होवलंड.

आर्डिसने वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. ऑरिन गेला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याचा हात धरून कोणीतरी ही सही घेतली होती. आणि ती घेताना समोर कोण बसलं होतं, ते शिक्क्यातच लिहिलं होतं.

एखादीने तडक बँकेत जाऊन सुनेला विचारलं असतं. आर्डिसने पानाची नक्कल घेतली, घडी करून पर्समध्ये घातली आणि मिठाची गुळणी धरली. विचारलं, की समोरचा सावध होतो, हे तिला बापाने शिकवलं होतं.

त्या रविवारी ती नेहमीसारखी ड्वेनकडे जेवायला गेली. रोशेलने खिमा आणि बटाट्याचा भाजलेला थर केला होता. स्वयंपाकघरात नवा ओव्हन होता.

"नवा दिसतोय," आर्डिस म्हणाली.

"जुन्याचं दार लागत नव्हतं," रोशेल म्हणाली. "दोन वर्षं काठी लावून चालवला. मीठ बरोबर आहे ना?"

"बँकेत बढती मिळाली वाटतं."

"बढती कुठली? उलट दोन माणसं तेलवाल्यांकडे गेली, त्यांचं कामही माझ्याच गळ्यात." रोशेलने वाढता वाढता थांबून सासूकडे पाहिलं. "का हो, आर्डिस?"

"सहज."

घरी परतताना आर्डिस एकेक गोष्ट आठवत होती. ऑरिनला वृद्धाश्रमात दर गुरुवारी भेटायला कोण जायचं? रोशेल. त्याची औषधं कोण आणायचं? रोशेल. तेव्हा तिला वाटलं होतं, पोरीला माया आहे. आता त्या प्रत्येक गुरुवाराखाली काहीतरी मुरतंय असं तिला वाटू लागलं. मार्लिस क्वाल कोण? कदाचित रोशेलची कोणी मावसबहीण. कदाचित नुसतंच कागदावरचं नाव, आणि चेक येतात ते भलत्याच टपालपेटीत.

चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने मैत्रिणीला, डेलोरेसला, आडून विचारलं, "रोशेलच्या माहेरी कोणी क्वाल आहे का गं?"

"माहेरी? ती तर मिनेसोटाची. का, काय झालं?"

"काही नाही."

पण डेलोरेससमोर 'काही नाही' म्हणणं म्हणजे अर्ध्या गावाला काहीतरी आहे असं कळवण्यासारखंच होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फात आर्डिस सत्तर मैल गाडी चालवत दुसऱ्या जिल्ह्यातल्या वकिलाकडे गेली. गावातले दोन्ही वकील ड्वेनच्या ओळखीचे होते, म्हणून तिच्या हिशेबी बाद. केसलर नावाचा हा वकील साठीचा, ढिला स्वेटर घातलेला माणूस होता. तिने त्याची पदवी भिंतीवर नीट वाचली आणि मग बसली.

"मृत्युपत्र करायचंय. वरचं-खालचं सगळं मुलीला. मुलाला काही नाही. सुनेला तर नाहीच नाही."

केसलरने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "मिसेस होवलंड, तीस वर्षांत मी शेकडो मृत्युपत्रं केली. शिक्षा म्हणून केलेली मृत्युपत्रं कोर्टात पाच-पाच वर्षं लोळतात. कोणाला काय मिळू नये ते तुम्ही सांगितलंत. तुम्ही नसताना ही शेती कशी चालावी, हे तुमच्या मनात काय आहे?"

"चालेल तशी चालेल."

"तुमचा मुलगा पंचवीस वर्षं ती नांगरतोय. मिनियापोलिसची नर्स ती विकेल. तुम्हाला विकलेली हवी आहे का?"

आर्डिसने पर्समधली नक्कल त्याच्यासमोर टाकली. त्याने ती वाचली. "ही मार्लिस क्वाल कोण?"

"तेच तर."

"इथे तिचा पत्ता छापलाय. विचारलंत का कोणाला?"

"मी मृत्युपत्राचं विचारायला आले," आर्डिस म्हणाली.

केसलरने मसुदा करून पोस्टाने पाठवतो म्हणून सांगितलं. तिने तेवढ्यात एक चूक केली. घरी येऊन जोआनला फोन केला आणि सगळं सांगितलं, नाव, तारीख, शिक्का, सगळं. तिला वाटलं, मुलीला बरं वाटेल. 

"आई, तू रोशेलला विचारलंस का?"

"ज्याने केलं त्यालाच विचारू?"

"मला तुझी सगळी जमीन नको. ड्वेनला माहितीये का हे?"

"तू सांगायचं नाहीस."

जोआनने त्याच संध्याकाळी भावाला सांगितलं.

ड्वेन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बूट न काढता दारातच उभा राहिला, आणि ते त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. "आई, दाखव."

तिने कागद दिला. त्याने वाचला. त्याचा चेहरा उतरला, तसं आर्डिसला कळलं, की यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच वाईटही.

"सव्वीस वर्षं संसार केला तिने माझ्याबरोबर," ड्वेन म्हणाला. "मला एका शब्दाने बोलली नाही."

"मी तेच म्हणतेय."

"तू काय म्हणतेयस ते मला कळलंय," तो म्हणाला आणि कागद टेबलावर ठेवून गेला.

त्या आठवड्यात ड्वेनचा ट्रक दोनदा रात्रभर धान्याच्या कोठारापाशी उभा असलेला दिसला. त्याने बायकोला विचारलं होतं, आणि रोशेलने एवढंच सांगितलं होतं, "कागदावर त्या बाईचा पत्ता आहे. तुझ्या आईला वाचता येतं. त्या बाईलाच विचार म्हणावं." त्यापलीकडे एक शब्द नाही. ज्याच्या मनात कधी संशय आला नव्हता, त्याच्या मनात आर्डिसने तो पेरला होता, आणि तिचं तिलाच ते बघवेना.

शेवटी तिने कागदावरच्या पत्त्याप्रमाणे वॉशिंग्टन राज्याच्या टेलिफोन चौकशीला फोन करून नंबर मिळवला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली, पुढ्यात पेन्सिल आणि पाकिटाची मागची बाजू.

"मार्लिस क्वाल?"

"कोण पाहिजे?" आवाज म्हातारा आणि खरखरीत होता.

"मी आर्डिस होवलंड. नॉर्थ डकोटाहून. ऑरिन रूडची बहीण."

"हं," पलीकडून आवाज आला. "गेल्या महिन्यात एकीने फोन केला, ती म्हणाली, मी ऑरिन रूडची पुतणी आहे."

"ऑरिनला पुतणी नाही. आम्ही दोघंच."

"तेच म्हटलं मी तिला. लोक रोज फोन करतात. हक्क विका म्हणतात, सही करा म्हणतात. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, बाई. थाप मारणाऱ्याचा आवाज मला मागच्या बाकावरून ओळखू येतो. तुम्ही कोण ते मला कशावरून कळावं?"

आर्डिस गडबडली. एवढ्या वर्षांत ती कधी या बाजूला नव्हती. "विचारा काय विचारायचं ते."

"ऑरिनला कुठलं बोट नव्हतं?"

"डाव्या हाताची करंगळी. मळणीच्या पट्ट्यात गेली, अडतीस साली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "बोला," मार्लिस म्हणाली.

"त्याने तुम्हाला ते का दिलं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"आन्तोन आइडे माझा आजोबा," मार्लिस म्हणाली. "जमीन विकली तेव्हा त्याने वरची विकली, खालची अर्धी ठेवली. खरेदीखतात ते लिहायचं राहिलं, म्हणून वेगळा कागद केला. तुमच्या वडिलांनी तो कोर्टहाऊसमध्ये नोंदवतो म्हणून ठेवून घेतला. आजोबा मरेपर्यंत वाट बघत होता. पत्रं लिहिली त्याने, तीन. उत्तर आलं नाही. आमच्या घरात रूड म्हटलं, की माझी आजी खिडकी लावून घ्यायची."

आर्डिसने पेन्सिल खाली ठेवली. "असं काही नाहीये. माझे वडील..."

"तो कागद माझ्यापुढे आहे. ऑरिनने दस्ताबरोबर मूळ कागदच पाठवला. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, कराच्या पावत्यांमध्ये होता म्हणून लिहिलं होतं. वाचू?"

तिने वाचला. साधी चार वाक्यं होती. शेवटी मार्लिस म्हणाली, "खाली दोन सह्या आहेत, आन्तोन आइडे आणि टोर्गर रूड. आणि बाजूला लिहिलंय, 'लिहिणार ऑरिन रूड, वय सतरा, कारण वडिलांना इंग्रजी लिहिता येत नाही.'"

"मला त्याची नक्कल पाठवा," आर्डिस म्हणाली.

"पाठवीन. मूळ नाही पाठवणार हं."

"मीही पाठवला नसता."

नक्कल आठ दिवसांनी आली. ऑरिनचं शाळकरी अक्षर तिने कुठेही ओळखलं असतं. 'टी'वरची बापाची लांब आडवी रेघही ओळखली. तिला तीनदा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. मग खोलीत येरझाऱ्या घालत राहिली.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. फसवायचंच होतं, तर बापाने कागद जाळला का नाही? मरेपर्यंत बाविसेक वर्षं तो पत्र्याच्या पेटीत, कराच्या पावत्यांमध्ये जपून ठेवला. आणि पाळायचा होता, तर वीस मैलांवर कोर्टहाऊस होतं, दर महिन्याला तो तिथे जात होता. एक्कावन्न साली पायरीवरून दलालाला परत पाठवताना त्याच्या मागे, आतल्या खोलीत, ती पेटी होती. तिला याचं उत्तर कधीच मिळालं नाही. आणि ऑरिन? त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला शब्द एकोणसत्तर वर्षं पोटात ठेवला, आणि शेवटी मोडलेला शब्द भरून काढला तो आपल्या वाट्यातून. बहिणीच्या वाट्याला हात लावला नाही.

रोशेल बँकेतून सुटायची वेळ बघून आर्डिस तिच्या घरी गेली. रोशेलने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"मार्लिसशी बोलले," आर्डिस म्हणाली.

"बरं."

"तू मला का नाही सांगितलंस?"

रोशेल आत वळली. आर्डिस तिच्या मागोमाग गेली. "ऑरिनमामा म्हणाले होते, बहिणीला मीच सांगेन, तिच्यापुढे वडिलांबद्दल बोलायला मला धीर गोळा करू दे. ते तीन आठवड्यांत गेले. दफनानंतर मी तुमच्याकडे आले. तुम्ही त्यांच्या पेट्या उचकत होतात. मी म्हटलं, ऑरिनमामा मला एक सांगून गेलेत. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आर्डिसला आठवत नव्हतं.

"'रूडांच्या घरातलं रूड बघतील.' मान वर न करता. मग मी गप्प बसले. दस्त नोंदवलेला होता, कोणापासून लपवलेला नव्हता. ऑरिनमामांचे कागद बघणाऱ्या वकिलाला सापडेल म्हटलं. नाही सापडला. चार वर्षं गेली."

"ड्वेनलाही बोलली नाहीस."

"मी नोटरी आहे. लोक माझ्यासमोर काय काय सांगतात, ते घरी जेवताना काढायला लागले तर गावात राहता येईल का मला?" रोशेलने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. "तुम्ही कंपनीला विचारलंत, डेलोरेसला विचारलंत, सत्तर मैलांवरच्या वकिलाला विचारलंत. मला सोडून सगळ्यांना. बँकेत बायका माझ्याकडून नोटा दोनदा मोजून घेतात आता."

"माझं चुकलं," आर्डिस म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून फारसे कोणी ऐकले नव्हते. लाइलनेही नाही.

"हो," रोशेल म्हणाली. "कॉफी ठेवते. पण मला बरं वाटलंय असं समजू नका."

आर्डिसने केसलरला फोन करून तो मसुदा फाडायला सांगितलं. मग त्याच्याकडून एक प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं: एकोणचाळीसचा कागद खरा आहे, अक्षर माझ्या भावाचं आहे, सही वडिलांची आहे, आणि त्यांनी तो कागद नोंदवला नाही. हे कोर्टहाऊसच्या वहीत कायमचं चढणार होतं. केसलरने तिला दोनदा विचारलं, कारण कायद्याने त्याची काही गरज नव्हती. दस्त पक्का होता.

"गावात लोकांना वाटतंय, की माझ्या सुनेने म्हाताऱ्याला फसवलं," आर्डिस म्हणाली. "ज्यांनी ते ऐकलं त्यांना वाचायला कुठेतरी खरं लिहिलेलं पाहिजे."

सही करायला ती गावातल्याच बँकेत गेली, भर दुपारी, रांग असताना. रोशेलच्या टेबलासमोर बसली आणि कागद पुढे सरकवला. रोशेलने तो सावकाश वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"ओळखपत्र?"

"अगं, सव्वीस वर्षं..."

"नियम आहे, आर्डिस."

आर्डिसने गाडीचा परवाना काढून दिला. रोशेलने फोटो पाहिला, सासूकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि अगदी गंभीरपणे वहीत नंबर उतरवून घेतला. मागे रांगेत डेलोरेस उभी होती. तिला सगळं नीट ऐकू जावं म्हणून आर्डिसने शपथ मोठ्याने घेतली.

त्या नाताळात जोआन आली, आणि जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसली. आर्डिसने केसलरने नव्याने केलेला आराखडा वाचून दाखवला. वरची जमीन आत्तापासूनच ड्वेनची, कारण ती त्याने कसली. खालचे हक्क तुकडे न करता एका कौटुंबिक कंपनीत, ड्वेन आणि जोआनचे निम्मे निम्मे. कोणाला विकायचं झालं तर आधी दुसऱ्याला विचारायचं. पंपांमुळे जे शेत नासतं, त्याची भरपाई ड्वेनला आधी, वाटणी नंतर.

"आणि कंपनीचा कारभार रोशेलने बघावा," आर्डिस म्हणाली.

"नको," रोशेल म्हणाली.

"का?"

"चेक थोडा कमी आला, की तुम्ही माझ्या ओव्हनकडे बघाल."

जोआन हसली, मग ड्वेन, आणि मग हसणं थांबलं, कारण ते खरं होतं. कारभार जोआनने घेतला. वर्षातून एकदा सगळ्यांनी बसून सगळे कागद एकमेकांना दाखवायचे, हे कलम रोशेलने घालायला लावलं. आर्डिसने सही केली. तीनदा वाचूनच.

पुढच्या जूनमध्ये मार्लिस क्वाल नातवाच्या गाडीतून आली. उंच, हाडापेराची, पायात बस ड्रायव्हरचे जाड तळव्यांचे बूट. हात मिळवायच्या आधी तिने आर्डिसचा डावा हात पाहिला, जणू करंगळी घराण्यातच नसायची. आर्डिसने तिला आइडेच्या तुकड्यावर नेलं. घर केव्हाच पडून गेलं होतं. एक खळगा होता आणि त्याच्या कडेला लायलॅकची झुडपं, कोणी न लावल्यासारखी फोफावलेली.

"हे आजीने लावलेलं," मार्लिस म्हणाली. "ती सांगायची. आम्हाला वाटायचं, उगीच सांगते."

 मग पंपाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा सारखा चालतो, की मी आले म्हणून चालू केलाय?"

"मलाही तीच शंका असते," आर्डिस म्हणाली. "मी कधीकधी दुर्बीण घेऊन बघते."

दुपारी गावातल्या कॅफेत दोघींनी सूप घेतलं आणि आपापलं बिल दिलं. निघताना मार्लिसने लायलॅकची एक फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवली. ठेवण्याआधी तिने आर्डिसला विचारलं होतं, नेऊ का म्हणून. वरची जमीन आता ड्वेनची होती, तेव्हा आर्डिसने फोन करून त्याला विचारलं.

"अख्खं झुडूप ने म्हणावं," ड्वेन म्हणाला. तो त्या वेळी ट्रॅक्टरवर होता, आणि मागून रोशेलचा आवाज येत होता, ते खोकं जरा पलीकडे घे, मला बसायचंय म्हणून सांगणारा.